मी अजून दोन महिन्यांचीच

माझा जन्म १९७१ च्या जानेवारीअखेरचा, काटोलचा, आईच्या माहेरचा. त्या वर्षी मार्चमध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली, म्हणून जनगणनेचा दिवस महिनाभर पुढे ढकलून १ एप्रिल केला होता. मोजणीचे मास्तर दारात आले तेव्हा आजोबांनी घरातली सगळी नावं सांगितली, अगदी गावाहून शिकायला आलेल्या भाच्याचंही सांगितलं, आणि मला विसरले. आतून आजी ओरडली, "अवो मास्तर, पोरगी राह्यली नं!" मग मास्तर परत बसले आणि मला लिहून घेतलं. ही गोष्ट आई शंभर वेळा तरी सांगायची. सांगताना हसायची, पण ती आजोबांना हसत नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

ती ओळ आजही कामात आहे, हे कळायला मात्र मला चौपन्न वर्षं लागली.

आपल्या राज्यघटनेतली कलमं ८१ आणि ८२ असं सांगतात की लोकसभेच्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या आणि दर जनगणनेनंतर ही वाटणी नव्याने करायची. १९५१, १९६१ आणि १९७१ च्या मोजणीनंतर तसं झालंही. पण १९७६ साली बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि राज्याराज्यांतली वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठवली. पुढे २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणजे आज कोणत्या राज्याला किती खासदार, हे ठरतं ते १ एप्रिल १९७१ रोजी जे होते त्यांच्यावरून. त्या हिशेबात मी दोन महिन्यांची आहे आणि काटोलच्या बाजेवर झोपलेली आहे. माझ्या दोन्ही मुली त्यात नाहीतच.

गंमत पुढेच आहे. मी मोजली गेले महाराष्ट्रात. महाराष्ट्राच्या ४५ जागांच्या ४८ झाल्या त्या मोजणीमुळे, त्यात माझाही एक कण आहे. पण १९९२ साली लग्न होऊन बोरगावला आले, तेव्हापासून मत देते मध्य प्रदेशात. काटोलहून बोरगाव तसं दूर नाही. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि दोन्हीकडे पोळा जोरात होतो. मराठीही सारखीच, थोडी इकडे हिंदीने भिजलेली. मध्ये राज्याची एक रेष आहे एवढंच.

ही रेष इथे का आहे, हे मी नवी नवरी असताना सासऱ्यांना विचारलं होतं. सौसर नि पांढुर्णा मराठी, बाजारहाट नागपूरचा, दवाखाना नागपूरचा, मुलीही नागपूर-अमरावतीकडे दिलेल्या. मग भोपाळ कुठून आलं? सासरे १९३२ सालचे. ते म्हणाले, "बाई, आपल्याला घाटावरच्यांसंगं मोजलं."

तेव्हा मला याचा अर्थ लागला नव्हता. आता लागतो. सौसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. घाटाखाली आम्ही, नागपूरच्या सपाटीचे. घाट चढला की हिंदी आणि गोंडी. पण जिल्हा एकच, छिंदवाडा. जुन्या मध्य प्रांतात आणि १९५० नंतरच्या पहिल्या मध्य प्रदेशात राजधानीच नागपूर होती, त्यामुळे कुणाला फरक पडत नव्हता. मग फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग आला. त्यांचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर सादर झाला. भाषेचे आकडे जनगणनेचे होते आणि ते पाहताना आयोगाने साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा पूर्ण धरला तर मराठी ठरत नव्हता, तो मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर आम्हीही राहिलो. बैतूलमधल्या मुलताईकडच्या मराठी घरांचं तेच झालं.

माणसं मोजण्यात कुणी चूक केली असं नाही. आकडे खरेच होते. पण पातेलं कोणतं घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. तालुका घेतला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. घाटाखालची गावं एकेक करून घेतली असती तर आणखी वेगळं आलं असतं. आणि गाव हा घटक धरता येत नाही असंही नव्हतं. आंध्र आणि मद्रासमधला सीमेचा वाद गाव हा घटक धरूनच सोडवला गेला. ते सूत्र हरिभाऊ पाटसकरांचं. बेळगावच्या बाबतीत महाराष्ट्र पुढे मागत राहिला ते हेच सूत्र. आणि हे पाटसकर १९५७ पासून १९६५ पर्यंत कुठे होते? भोपाळला, मध्य प्रदेशाचे राज्यपाल म्हणून! सौसर त्यांच्याच राज्यात होतं.

मला महाराष्ट्रात जायचं आहे असं कुणी समजू नये. तेहेतीस वर्षं इथलं मीठ खाल्लं आहे. मी फक्त सासऱ्यांच्या त्या वाक्याचा अर्थ लावते आहे.

सासरे आणखी एक सांगत. १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी लोकसभेसाठी दोन मतं टाकली होती! मला वाटे म्हातारे थट्टा करतात. पण ते खरं निघालं. तेव्हा काही मतदारसंघांत दोन खासदार निवडायची पद्धत होती, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. छिंदवाड्यातून त्या वर्षी भिकूलाल चांडक आणि नारायणराव वाडिवा असे दोघे गेले. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. जिल्ह्यात गोंड बांधव तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, म्हणून ती सोय होती. २००८ मध्ये २००१ च्या मोजणीवरून मतदारसंघ पुन्हा आखले तेव्हा विधानसभेची पांढुर्ण्याची जागा आदिवासींसाठी राखीव झाली. तेव्हा आमच्याच नात्यातले काही जण चहा पिता पिता हळहळले, "आपली जागा गेली." मी म्हटलं, आपली कधी होती? देवगडचा किल्ला कुणाचा, नागपूर कुणी वसवलं? बख्त बुलंद काही आपल्या आडनावाचा नव्हता. त्यावर मला दुसरा चहा मिळाला नाही.

२००८ ची ती आखणी माझ्या माहेरकडे जास्त लागली. राज्याराज्यांतली वाटणी गोठलेली असली तरी राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या मोजणीप्रमाणे हलवायला सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने मोकळीक दिली होती. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, पण आत उलथापालथ झाली. विदर्भाच्या लोकसभेच्या ११ जागा होत्या, त्या १० झाल्या. विधानसभेच्या ६६ च्या ६२ झाल्या. आणि ठाणे जिल्ह्यात जिथे ठाणे आणि डहाणू अशा दोनच जागा होत्या, तिथे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे अशा चार झाल्या. माझी मावशी कारंजाची. तिचा वाशीम मतदारसंघ गेला, तो यवतमाळला जोडला. मावशी रागावली होती. मी तिला विचारलं, "मावशी, तुझे दोन्ही मुलगे कुठे असतात?" एक डोंबिवलीला, एक पुण्याला. दोघांच्याही घरी इकडचीच तूरडाळ जाते. "मग तुझी जागा त्यांच्याच मागे गेली बघ." मावशी काही बोलली नाही. पोटासाठी मुलं गेली, त्यांच्या मागून खासदारही गेला, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा रस्ता कुणाकडे मागायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

आता १९७६ कडे पुन्हा वळते, कारण खरी गाठ तिथे आहे.

ते आणीबाणीचं वर्ष. एप्रिलमध्ये सरकारने लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि त्यातच सांगितलं की प्रतिनिधित्व १९७१ च्या आकड्यांवर २००१ पर्यंत ठेवू. कारण वरवर न्यायाचं होतं. जी राज्यं कुटुंबनियोजन नीट करतील त्यांची माणसं कमी वाढतील, मग त्यांच्या जागाही कमी होतील, हा कुठला न्याय? असं आधी झालेलं होतं. मद्रास राज्याच्या १९६२ मध्ये ४१ जागा होत्या, १९६७ मध्ये त्या ३९ झाल्या. तेव्हा आकडे थांबवले, आणि दुसऱ्या हाताने नसबंदीचा वरवंटा फिरवला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. मी तेव्हा पाच वर्षांची. बाजारात लाल त्रिकोण दिसला की माझे काका रस्ता बदलत, एवढं आठवतं.

सक्ती संपली आणि कुटुंबनियोजनाचं काम गुपचूप बायकांकडे आलं. मला पहिली मुलगी १९९४ ला, दुसरी १९९७ ला. दुसरीनंतर मी शस्त्रक्रिया करून घेतली. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मेथीचे लाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुवं बरोबरच केलं वं. मले कोनी इचारलंच नोयतं." त्यांना सात बाळंतपणं झाली होती, चार मुलं जगली.

हे घरचं इथे का सांगते? कारण आकड्यांच्या या भांडणात जो तो राज्यांविषयी बोलतो. तमिळनाडूने लोकसंख्या आवरली, उत्तर प्रदेशाने आवरली नाही. राज्य कसं आवरणार? आवरलं ते बायकांनी, दवाखान्याच्या पत्र्याच्या खाटांवर झोपून.

यावरून माझं आणि थोरलीचं फोनवर चांगलंच वाजलं. ती चेन्नईला नोकरी करते. या २०२५ च्या मार्चमध्ये तिकडे मुख्यमंत्री स्टालिन यांनी बाकी राज्यांच्या नेत्यांना बोलावून बैठक घेतली आणि जागा आणखी पंचवीस वर्षं गोठवा अशी मागणी केली. त्याआधी फेब्रुवारीत गृहमंत्री अमित शहा कोइम्बतूरला सांगून गेले होते की दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुमच्या वाढणार आणि इथल्या जाणार. ज्यांनी ऐकलं त्यांनाच शिक्षा."

मी कागद-पेन्सिल घेतली. आपण बायका भिशीचा हिशेब करतो, तसलाच हा हिशेब. १९७१ मध्ये जुन्या अखंड मध्य प्रदेशात ४ कोटी १७ लाख माणसं होती, तमिळनाडूत ४ कोटी १२ लाख. जवळपास बरोबरीचे. जागाही तशाच, यांना ४० आणि त्यांना ३९. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, त्यांच्याकडे ११ गेल्या, आमच्याकडे २९ उरल्या. पहिल्या लोकसभेतही मध्य प्रदेशाच्या २९ च होत्या, पण तेव्हा त्यात नागपूर होतं! आता २०११ ची मोजणी बघा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून ९ कोटी ८१ लाख, तमिळनाडू ७ कोटी २१ लाख. जागा मात्र तेवढ्याच. म्हणजे आमच्या एका खासदारामागे पंचवीस लाख माणसं, चेन्नईकडे साडेअठरा लाख, केरळात तर पावणेसतरा. घटना झाली तेव्हा तिच्यात लिहिलं होतं की साडेसात लाखांमागे एक तरी खासदार हवा. ते बंधन १९५२ लाच काढलं.

"मग माझं मत तुझ्या शेजारणीच्या मतापेक्षा हलकं का?" मी विचारलं. "मीही दोनच मुली केल्या. मलाही शिक्षाच."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, दोन्ही खरं आहे."

आणि दोन्ही खरं आहे हीच अडचण आहे. आहेत त्या ५४३ जागा २०११ च्या माणसांवर वाटल्या तर माझ्या हिशेबाने तमिळनाडूच्या ३९ च्या ३२ होतात, केरळच्या २० च्या १५, उत्तर प्रदेशाच्या ८० च्या ९०, आमच्या २९ च्या ३३. महाराष्ट्राला दोनच जास्त. कुणाचं कमी न करता जागाच वाढवाव्यात असंही म्हणतात, नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसनं केलीच आहेत. पण पंगत मोठी केली म्हणून वाढप्याचा हात कुणाकडे झुकतो ते बदलत नाही. ज्याचा वाटा आहे त्याला तो शेकड्यानेच कळतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९२० च्या मोजणीत शहरं खेड्यांपेक्षा मोठी निघाली, तर तिथल्या लोकप्रतिनिधींनी जागांची नवी वाटणीच केली नाही. पुढचं दशक जुन्याच वाटणीवर काढलं. इंग्लंडात १८३२ पर्यंत ओल्ड सेरम नावाच्या उजाड टेकडीचे दोन खासदार होते आणि गिरण्यांनी भरलेल्या मँचेस्टरचा एकही नव्हता. जो बसला आहे तो आपण होऊन उठत नाही.

आता नवीनच ऐकू येतं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले, मुलं जास्त होऊ द्या. स्टालिनही थट्टेत सोळा मुलांपर्यंत गेले. आणि आपल्या समाजातही हेच चाललं आहे. २०११ च्या मोजणीत देशात जैन ४४ लाख ५१ हजार, शेकडा अर्धासुद्धा नाही. मागच्या चातुर्मासात एका कार्यक्रमात एका वक्त्याने सांगितलं, समाज आटत चालला आहे, प्रत्येक घरात तीन तरी हवीत. मांडवात मागे बसलेल्या एका आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, "अन् पोसाले तुमी येता काय जी?" सगळ्या बायका हसल्या. पुरुषांच्या बाजूला शांतता होती. मला मात्र १९७६ आठवलं. तेव्हा कमी करा म्हणाले, आता वाढवा म्हणतात. विचारायचं कुणाला ते तेव्हाही सुचलं नाही, आताही नाही.

आणि ज्या सभागृहासाठी हे सगळं, तिथे आपण किती? आमच्या छिंदवाड्यातून आजवर लोकसभेत गेलेली बाई एकच, १९९६ मध्ये अलका नाथ, त्याही वर्षभरच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारी एकशेसहावी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत ४५४ मतं बाजूने आणि दोनच विरोधात. आम्ही मंदिरातल्या बायकांनी पेढे वाटले. नंतर मी बारीक अक्षर वाचलं. आरक्षण लागू होणार ते पुढच्या जनगणनेनंतर, आणि त्यावरून मतदारसंघ नव्याने आखल्यानंतर. म्हणजे ज्या खुंटीवर दक्षिण आणि उत्तर लोंबकळत आहेत, तीच खुंटी आपल्यालाही दिली. गावच्या पंचायतीत आम्हाला जागा मिळाल्या त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की आधी देशातली माणसं मोजून येतो. पेढे मात्र चांगले होते.

मोजणी आता ठरली आहे. या वर्षी १६ जूनला सरकारने अधिसूचना काढली. १ मार्च २०२७ हा मोजणीचा दिवस. यात आमच्यासाठी एक नवी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौसर मिळून. म्हणजे घाटाखालचे आम्ही यंदा प्रथमच घाटावरच्यांबरोबर मोजले जाणार नाही. मातृभाषेचे आकडे जिल्हावार येतात. सत्तर वर्षांपूर्वी जे पातेलं हवं होतं ते आता मिळालं आहे! त्याने राज्याची सीमा हलणार नाही, हलावी असंही नाही. पण मराठी शाळा, मराठी पुस्तकं, कचेरीतली मराठी पाटी मागायची तर हातात आकडा लागतो.

आणि इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. २०११ ला मोजणीवाले गुरुजी आले तेव्हा आम्ही सगळे सावध होतो. समाजाची सूचना आली होती, धर्माच्या रकान्यात 'जैन'च लिहून घ्या. गुरुजी 'हिंदू' लिहीत होते, ह्यांनी हात धरला, खोडून घेतलं. आम्ही जिंकल्यासारखे खूष. मी चहा केला. मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी न विचारताच 'हिंदी' लिहिलेलं होतं. मला ते दिसलं. मी काहीच बोलले नाही, कारण त्याबद्दल कुणी सूचना पाठवली नव्हती. सासूबाईंना आजही धड हिंदी येत नाही, आणि सरकारदरबारी त्या चौदा वर्षं हिंदीभाषक आहेत.

आता त्यांनी मला बजावून ठेवलं आहे. "मास्तर आला का मले हाक मार. मीच सांगतो." त्या ऐंशीच्या पुढे आहेत, दीड वर्ष अजून आहे.

परवा थोरलीचा फोन आला. तिला विचारलं, मोजणीला तू घरी येशील का? म्हणाली, "आई, जिथे राहते तिथेच मोजतात. मी चेन्नईत मोजली जाणार." मी म्हटलं, म्हणजे मी मोजली गेले महाराष्ट्रात आणि मत देते इथे, तू जन्मलीस इथे आणि आकडा वाढवणार तमिळनाडूचा.

"एकाने का होईना, वाढेल," ती म्हणाली. "तुमच्या तेहेतीसमधून मला वजा कर."

"आणि मातृभाषा काय लिहिशील?"

"मराठी. तुझ्यासारखी चहा करत बसणार नाही मी."